भिंतीवरचा नंबर

"फोनवर नाही होत ते पायानं होते."

नंदिनी बागडे मॅडमचं हे वाक्य आमच्या सावंगीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शाळेच्या खिचडीचं सिलिंडर आलं नाही, की मॅडम हे म्हणत आणि पायात चप्पल घालत. एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही, की हेच म्हणत आणि त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत. मूळ वाक्य त्यांच्या आज्याचं. तो म्हणायचा, "निरोपानं नाही होत ते पायानं होते." छप्पन्न साली दीक्षेसाठी तो बायको-पोरांना घेऊन नागपूरपर्यंत पायी गेला होता. कोणाच्या हाती निरोप धाडून दीक्षा घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नातीनं निरोपाच्या जागी फोन घातला. बाकी सगळं आज्याचंच ठेवलं.

चालही आज्याचीच. मॅडम उंचीनं कमी, अंगानं सुक्या. चालताना डावा हात पाठीवर ठेवतात, बांधावरून पीक पाहत जाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. घाई करत नाहीत, पण निघाल्या की मधे थांबतही नाहीत. कोणी "चहा घेऊन जा ना मॅडम" म्हटलं, तर "येताना" म्हणतात. आणि येताना खरंच घेतात.

आमचं गाव कोराडीच्या अंगाला. शाळेच्या पटांगणातून वीज केंद्राची धुराडी दिसतात. पण सावंगी म्हटलं की कंडक्टर आधी विचारतो, "कोणती सावंगी?" या नावाची गावं आमच्या मुलखात शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळींसारखी, जिकडे पाहावं तिकडे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि ज्या माय-लेकींची ही हकिकत आहे, त्यांची नावं मी बदलली आहेत. त्यातली आई, मेघा, तीच मला म्हणाली, "सांगा, पण आमची नावं सांगू नका."

मॅडम आमच्या शाळेत आल्या तेव्हा शाळेत दोन खोल्या होत्या, दोन शिक्षक होते आणि कपाटात कुलूप लावून ठेवलेला एक टॅब होता. टॅब खराब होईल म्हणून कोणी काढत नव्हतं. पुढे नागपूरला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. फुकटात वेबसाइट कशी बनवायची, तयार चौकटीत फोटो आणि मजकूर कसा टाकायचा, ब्लॉग कसा लिहायचा, हे एका तरुण मास्तरानं भराभर दाखवलं. त्याचं बोट पडद्यावर इतकं जलद फिरे की मॅडमना अर्धं कळलं, अर्धं नाही. त्यांनी त्याला फोन करून पाहिला. तो फोनवर समजावत राहिला, या गोंधळत राहिल्या. शेवटी रविवारी त्या त्याच्या घरी गेल्या. त्याच्या आईशेजारी बसून वाटाणे सोलता सोलता सगळं शिकून आल्या.

वेबसाइट म्हणजे काय, हे त्यांनी आम्हा गाववाल्यांना ग्रामसभेत सांगितलं. "शाळेची एक भिंत समजा. ही भिंत घरी बसूनही वाचता येते."

त्या भिंतीवर पोरं लिहू लागली. त्याची एक रीत होती. पोरानं आधी पाटीवर लिहायचं, मग वर्गासमोर उभं राहून वाचायचं. वाचून झालं की मॅडम विचारत, "चढवायचं काय?" वर्ग "चढवा" म्हणाला तरच ते टॅबवर जाई. एखाद्यानं नाही म्हटलं तर काहून नाही, हे त्यानं सांगायचं. अंकुशच्या बकरीची गोष्ट कित्येक दिवस अडकून पडली होती, कारण बकरी दर वाचनाला रंग बदलत होती. "आधी तुझी बकरी पाहून ये," म्हणून वर्गानं त्याला घरी धाडलं. मग पोरं टॅबभोवती उकिडवी बसत आणि एकेक ओळ टाइप करत. शाळेत नेट लागत नसे. शाळा सुटली की मॅडम गावच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर जाऊन बसत, तिथून सगळं वर चढवत. आमची म्हातारी माणसं म्हणायची, "मॅडम पाण्याच्या टाकीतून शाळा पाठवून राहिल्या."

त्या भिंतीवर काय काय होतं. आज धुराड्यांचा धूर कोणीकडे वळला, त्यावरून वारा कोणता. तुरीवरच्या अळ्या. गावातल्या बायकांना येणारी जात्यावरची गाणी, बायकांच्याच आवाजात. मुंबईला हॉटेलात काम करणाऱ्या आमच्या एका पोरानं तिथून फोन केला होता, "माझ्या आईचा आवाज आयकला मॅडम." त्या दिवशी मॅडमनी टाकीच्या पायरीवर बसून डोळे पुसले, असं पाणी भरणाऱ्या बायका सांगतात. मॅडम म्हणतात, धुराड्यांची राख गेली होती डोळ्यात.

आता दुसऱ्या भिंतीबद्दल. ही खरी, विटांची. शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगाऱ्यानं सुविचार, नकाशा आणि त्याखाली मॅडमचं नाव आणि मोबाइल नंबर ऑइलपेंटनं लिहिला होता. तोच नंबर वेबसाइटच्या अगदी तळाशी होता. आणि वेबसाइटच्या खात्यालाही तोच जोडलेला होता. मॅडमकडे दोन सिम होते. त्यातलं हे सिम पुढे कमी वापरात आलं, रिचार्ज राहून गेलं आणि बंद पडलं. मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर नवा नंबर टाकला. भिंतीवरचा मात्र तसाच राहिला. रंगारी आला की बदलू, असं म्हणता म्हणता त्या वाटेनं रंगारी काही आला नाही.

एकदा अंकुश दोन दिवस बुडवून आला. मॅडमनी विचारलं, "काहून नाही आला रे?"

"ताप होता मॅडम. आज्यानं तुम्हाले फोन केला होता."

"मले नाही आला फोन."

"केला होता ना. तुम्ही 'बरं बरं' म्हणाल्या म्हणे."

"मी म्हणाली?"

"हो. आजा म्हणे, मॅडमचा आवाज लय बसला हाय."

वर्ग हसला. अंकुशचा आजा कानानं अधू आहे हे सगळ्यांना ठाऊक. मॅडमना वाटलं, पोरगं थापा मारून राहिलं. त्यांनी त्याला खोटं बोलण्यावरून बरंच ऐकवलं. पोरगं रडवेलं होऊन जागेवर बसलं.

गेल्या हिवाळ्यात मॅडमनी वर्गाला काम दिलं, 'माझं घर कुठून दिसते'. आपल्या घरापर्यंत यायचा नकाशा काढायचा, खुणा लिहायच्या आणि दारात उभं राहून फोटो काढायचा. सगळ्यांत सुरेख पान गुंजनचं झालं. गुंजन चौथीत, त्याच वर्षी शाळेत आलेली. तिची आई मेघा नवऱ्याचं घर सोडून भावाकडे राहायला आली होती. गुंजनच्या नकाशात धुराडी होती, बसथांबा होता, नाल्यावरचा पूल होता, मोहाचं झाड होतं आणि बाणामागून बाण थेट मामाच्या दारापर्यंत. दारात निळ्या फ्रॉकमध्ये ती स्वतः. खाली लिहिलं होतं, 'आता मी इथं राहते. इथं रात्री झोप लागते.' वर्ग एका आवाजात "चढवा" म्हणाला. मॅडमनी चढवलं.

पुढच्या आठवड्यात मेघा शाळेत आली. खिचडी शिजवणाऱ्या मीराबाई आत होत्या म्हणून बाहेरच उभी राहिली. मॅडम बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, गुंजनचा फोटो तुम्ही त्या वेबसाइटवर टाकला काय?"

"टाकला ना. लय सुंदर केलं पोरीनं. पाह्यलं नाही काय?"

"पाह्यलं. भावानं दाखवलं." मेघा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मॅडम, आम्ही कुठं हाओ हे तिच्या बापाले माहीत नाही. माहीत होऊ द्यायचं नाही म्हणून भावाचंही नाव मी कुठं सांगत नाही. तो म्हणाला होता, पोरीले उचलून नेईन. तो बोलला की करते, मॅडम."

मॅडमच्या पाठीवरचा हात खाली आला.

"आन् तुम्ही त्याले घरापर्यंत बाण काढून दिले," मेघा म्हणाली. रागानं नाही म्हणाली. म्हणूनच ते जास्त लागलं.

"आजच काढते," मॅडम म्हणाल्या.

"कोणाले सांगू नका मॅडम. का काढलं ते. गावाले माहीत झालं की नातेवाइकांत जाते, आन् नातेवाइकांतून त्याच्याकडे."

"नाही सांगत."

आज काढते म्हणणं सोपं होतं. त्याच सुमारास टॅबची बॅटरी फुगून त्याचं पोट वर आलं होतं. मॅडमनी तो नागपूरला सीताबर्डीच्या एका टपरीवर दुरुस्तीला दिला होता. संध्याकाळी आणायला गेल्या तर दुरुस्तीवाला खुशीत म्हणाला, "मॅडम, एकदम नवा करून दिला. आतलं सगळं साफ." खरंच साफ. वेबसाइटचं खातं त्या टॅबवर सदा उघडं असायचं, ते आता उघडेना. पासवर्ड मॅडमना पाठ होता. तो टाकला तर वेबसाइटची कंपनी म्हणे, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे, तो सांगा. नंबर कोणता, तर बंद पडलेला. कंपनीकडे तक्रार लिहायची सोय होती, तिथं मॅडमनी लिहिलं. उत्तर आलं, की आम्ही तपासून कळवू. कधी, ते त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलाच जुना नंबर लावून पाहिला. वाटलं होतं बंद असेल. घंटी वाजली.

"हॅलो, कोण?" पलीकडे पुरुषाचा जाड आवाज. मागे माणसांचा गलका.

"भाऊ, मी सावंगीच्या शाळेतून बोलते. हा नंबर आधी माझा होता. तुमच्या फोनवर आता एक कोड आला असन..."

"आला हाय."

"तेवढा मले सांगता काय?"

पलीकडे तो आधी हसला. मग तो म्हणाला, "मॅडम, आवाज गोड हाय तुमचा. मागच्या खेपेस बँकेवाला म्हणून बोलला, त्याचाही असाच गोड होता." आणि फोन ठेवला.

मॅडमनी पुन्हा लावला. "भाऊ, मी खरंच शाळेची मॅडम हाय."

"हो. आन् मी कलेक्टर हाय."

"बरं, तुम्ही राहता कुठं?"

"काटोल. संत्र्याची अडत हाय माझी. नत्थूजी म्हणा, कोणीही दाखवन."

"मी येते उद्या."

"या ना. संत्रं खा. कोड नाही भेटणार."

मॅडमनी एका दिवसाची रजा टाकली. वर्गाला सांगितलं, की वेबसाइटवरची काही पानं मी काढणार आहे. गुंजन सगळ्यांच्या मागे राहिली. बाकीचे बाहेर गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "आई म्हणे, माझं पान काढणार हायेत तुम्ही. माझंच काहून मॅडम? वर्ग तर चढवा म्हणाला होता."

मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "तुझंच नाही गुंजन. सगळ्यांचं काढते."

हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की हेच बरोबर. एकाच पोरीचं पान गेलं असतं तर गावानं त्याच पानाबद्दल विचारलं असतं.

सकाळच्या थंडीत कोराडीहून सीताबर्डी, तिथून काटोलची बस. काटोलच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरत होती. तणसावर संत्र्यांचे ढीग, ढिगाभोवती व्यापारी आणि मधे उभं राहून बोली ओरडणारा माणूस. हर्रास, म्हणजे लिलाव, जोरात होता. नत्थूजी सापडायला वेळ लागला नाही. कानाला मफलर, अंग भरदार, उलट्या कॅरेटवर बसलेला. शर्टाच्या खिशात फोन, आणि खिशाला सेफ्टी पिन.

"मी नंदिनी बागडे. काल फोन केला होता."

नत्थूजीनं वरून खाली पाहिलं. "खरंच आल्या काय. चहा सांगू?"

"येताना." मग मॅडमच्या लक्षात आलं, की आपण पोचलोच आहोत, इथं 'येताना' कुठलं. "म्हणजे काम झाल्यावर."

"काम तर होत नाही मॅडम. मंग चहाही राहते."

मॅडमनी ओळखपत्र काढून दाखवलं.

"हे सीताबर्डीले पाहिजे त्या नावाचं छापून भेटते," नत्थूजी म्हणाला. आसपासचे व्यापारी हसले. एकजण म्हणाला, "नत्थूजी, बाई दुरून आली गा. देऊन टाक." नत्थूजी त्याच्यावर डाफरला, "तुझा फोन दे ना मंग. त्याच्यातलं सगळं देऊन टाक."

मॅडमनी जरा विचार केला. मग आपल्या फोनवरून मीराबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मीराबाई, शाळेत हाय काय?"

"हाओ ना. खिचडीले फोडणी देऊन राहिली."

"गॅस बारीक कर. बाहेर जा आन् भिंतीवर माझ्या नावाखाली जो नंबर हाय, त्याले फोन लाव."

"काहून? तुम्ही तर माझ्याशी बोलूनच राहिल्या."

"लाव ना वं."

मॅडमनी फोन ठेवला आणि हात पाठीवर बांधून उभ्या राहिल्या. हर्रासवालाही बोली थांबवून पाहू लागला. थोड्या वेळानं नत्थूजीच्या खिशात फोन वाजला. त्यानं पिन काढली, फोन काढला, कानाला लावला.

"हॅलो," मीराबाईंचा खणखणीत आवाज बाहेरपर्यंत आला. "साहेब, तुम्हीच काय? मॅडम कुठं हायेत? मले म्हणे नंबर लाव."

नत्थूजीच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "सिलिंडर संपलं म्हणून सकाळी सकाळी फोन करत होत्या, त्या तुम्हीच काय?"

"हो ना साहेब. तुम्ही म्हणाले, सांगतो. मंग मॅडमनं आणलं ना सिलिंडर. त्याईले सांगजा, फोडणी करपून राहिली."

फोन बंद झाला. व्यापाऱ्यांत हशा पिकला. "नत्थूजी, तू मॅडमचा साहेब कधी झाला गा? आम्हाले लग्नाचं बोलावणंही नाही."

मॅडमही हसल्या. मॅडमचे यजमान प्रीतमजी कोराडीच्या कॉलनीत दुकान चालवतात, मीराबाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून फोनवरचा हा आवाज त्यांचाच, असं त्या धरून चालल्या होत्या. हसू ओसरल्यावर मात्र मॅडमचा चेहरा उतरला. "नत्थूजी, तुम्हाले एका म्हाताऱ्याचाही फोन आला होता काय? नातवाले ताप हाय म्हणून?"

"आला होता. त्याले आयकूच येत नव्हतं. मी किती सांगितलं, मी मॅडम नाही. शेवटी बरं बरं म्हटलं." नत्थूजी ओशाळून म्हणाला, "माझ्या ध्यानात राह्यलं नाही कोणाले सांगायचं. आन् सांगू तरी कोणाले?"

"मी त्या पोराले खोटं म्हटलं," मॅडम म्हणाल्या. हे त्या नत्थूजीला नाही, स्वतःलाच म्हणाल्या.

"पटलं मॅडम. नंबर तुमचाच होता," नत्थूजी म्हणाला. "आता सांगा, कोड कशाले पाहिजे?"

"वेबसाइटवरची काही पानं काढायची हायेत."

"काहून काढायची?"

मॅडमनी ओळखपत्र परत पिशवीत ठेवलं.

"सांगा ना. तुमचीच हाय तर काढायची घाई कोणती? पोट्ट्यायनं एवढ्या मेहनतीनं लिहिलं."

"ते मले सांगता येत नाही नत्थूजी. ती गोष्ट माझी नाही."

नत्थूजीनं फोन खिशात टाकला आणि पिन लावली. "मंग मलेही देता येत नाही."

मॅडमनी एक रिकामं कॅरेट ओढलं, ते उलटं केलं आणि त्याच्या समोर बसल्या.

"आता काय?"

"बसते."

"शाळा नाही काय?"

"रजा घेतली."

हर्रास पुन्हा सुरू झाला. एकेक ढीग उठत गेला. ऊन चढलं, संत्र्यांचा वास तापला. मॅडम बसून होत्या. कोणाची वाट अडवत नव्हत्या, कोणाला काही म्हणत नव्हत्या. नत्थूजीची गिऱ्हाइकं येत-जात होती, त्याचं लक्ष मात्र बोलीत लागेना. एकदा म्हणाला, "मॅडम, बँकेवाल्यानं मले फसवलं तवा माझ्या सुनेनं मले वर्षभर नावं ठेवली." मॅडम म्हणाल्या, "ठेवणारच ना." नत्थूजी पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटचा ढीग उठला तेव्हा नत्थूजी मॅडमजवळ सरकला. आवाज बारीक करून म्हणाला, "मॅडम, मी सरळ सांगतो. तुमच्या शाळेचे फोन मी एवढे दिवस घेतले. तापाचे, लग्नाचे, सिलिंडरचे. पहिले चिडत होतो, मंग सवय झाली. माणसं चांगली हायेत तुमच्या गावची. पण आता आता एक फोन आला, तो मले आवडला नाही. तवापासून मी त्या शाळेबद्दल कोणाले काही सांगत नाही. तुम्हालेही म्हणूनच नाही दिला."

मॅडम ताठ झाल्या. "कोणाचा फोन?"

"माणूस होता. म्हणे, वेबसाइटच्या खाली हा नंबर हाय. तिथं नुसतं सावंगी लिहून हाय, ही कोणती सावंगी? आन् म्हणे, चौथीत गुंजन नावाची पोरगी हाय काय, मी तिचा बाप."

मॅडमनी कॅरेटची कड धरली.

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगतो. म्हटलं, बापू, हे काटोल हाय. संत्र्याची अडत हाय, शाळा-बिळा नाही. मंग म्हणे, तुमचा नंबर तिथं कसा? म्हटलं, तुले संत्रं पाहिजे काय? नसन पाहिजे तर ठेव." नत्थूजीनं मफलर सारखा केला. "मले तीन पोरी हायेत मॅडम. पोरीचं नाव घेताना बापाचा आवाज तसा नसते."

मॅडमचा चेहरा लपला नाही. नत्थूजीनं तो पाहिला आणि पुढचं काही विचारलं नाही. त्यानं खिशाची पिन काढली.

"नवा कोड मागवा. कालचा शिळा झाला असन."

त्यानं कोडचा एकेक आकडा म्हणून दाखवला, हर्रासातल्यासारखा मोठ्यानं नाही, अगदी हळू. खातं उघडलं. मॅडमनी पहिलं पान काढलं ते गुंजनचं. धुराडी, बसथांबा, पूल, मोहाचं झाड, बाण, निळा फ्रॉक. काढण्याआधी त्यांनी ते एकदा शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरं काढलं, मग तिसरं.

नत्थूजी वाकून पाहत होता. "हे कोणाचं?"

"अंकुशचं. त्याच म्हाताऱ्याचा नातू."

"हा तर लय हसून राहिला. याचं काहून काढता?"

"एकच काढलं तर त्याच एकाचं इचारतील लोक."

नत्थूजीनं मान हलवली. एक संत्रं सोलून त्यानं फोडी कागदावर ठेवल्या आणि मॅडमच्या हाताशी सरकवल्या. घरं गेली, दारं गेली, दारातली तोंडं गेली. बायकांची गाणी राहिली, वारा राहिला, बकरी राहिली.

शेवटी मॅडम पानाच्या तळाशी गेल्या आणि नंबर बदलायला लागल्या. नत्थूजीनं मधेच हात केला. "तिथं माझाच राहू द्या."

"तुमचा?"

"तो माणूस पुन्हा फोन करन. तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गावाले पोचन. माझा दिसला तर मी हाओच. संत्रं पाहिजे काय म्हणून इचारतो." मग म्हणाला, "भिंतीवरचा मात्र बदला मॅडम. तिथं खरे लोक फोन करतात."

मॅडमनी तळाचा नंबर तसाच ठेवला. खात्याला मात्र आपला नवा जोडला.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. त्या माणसाचा फोन नत्थूजीला आणखी एकदा आला, आणि नत्थूजीनं त्याला संत्र्याचा भाव सांगितला. आमच्या सावंगीत तो कधी आला नाही. मेघाला नागपुरात शिवणकामाचं काम लागलं, आता ती आणि गुंजन तिकडे असतात. वेबसाइट चालूच आहे. आज उघडून पाहिली तर तिच्यावर तोंडं दिसत नाहीत, हात दिसतात. शेंगा सोलणारे हात, पाटी धरलेले हात, बकरीच्या पाठीवर ठेवलेला हात. आता पान चढवायच्या आधी मॅडम दोन प्रश्न विचारतात. "चढवायचं काय?" आणि "कोणाले याचा त्रास होईल काय?" गुंजननं तो नकाशा पुन्हा काढला होता, कागदावर. तो वर्गाच्या आतल्या भिंतीवर आहे, दार लावलं की कोणाला दिसत नाही. आणि मॅडमनी अंकुशच्या घरी जाऊन, आज्यासमोर, त्याची माफी मागितली. आज्यानं विचारलं, "आवाज सुधरला काय मॅडम तुमचा?"

पण त्या दुपारी हे काही झालेलं नव्हतं. त्या दुपारी चहा आला. मॅडमनी तो बसून, सावकाश घेतला. मग पेला खाली ठेवून उठल्या.

"चला नत्थूजी. भिंत रंगवायची हाय."

"रंगारी भेटन काय आज?"

"नाही भेटला तर मीच रंगवते."

डावा हात पाठीवर ठेवून त्या निघाल्या. उठलेल्या ढिगांच्या जागी तणस उरलं होतं, त्याच्यामधून वाट काढत, बाजाराच्या फाटकाकडे, बस स्टँडच्या दिशेनं. घाई नव्हती, आणि थांबणंही नव्हतं. नत्थूजी कॅरेटवर बसून पाहत होता. फोन त्याच्या हातातच होता. एक गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं आणि भाव विचारू लागलं. नत्थूजीनं हातानं त्याला बाजूला केलं.

"जरा सरक ना गा. मॅडम दिसून नाही राहिल्या."